मदत हवी आहे: दूध संस्थेचे एसएमएस डीएलटीत (मेसेज तपासणाऱ्या ब्लॉकचेन यंत्रणेत) अडकतायत, ठरावीक सभासदांना जातच नाहीत

नमस्कार मंडळी, करवीर तालुक्यातल्या एका छोट्या दूध संस्थेचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. सकाळ संध्याकाळ दूध घातलं की सभासदाला नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर आणि रक्कम असा मराठीत मेसेज जातो. निम्म्या लोकांकडं बटणाचा फोन आहे त्यामुळं व्हॉट्सअ‍ॅप करा म्हणून सांगू नका प्लीज, पावती हरवली तर दहा दिवसांच्या बिलाला त्यांच्याकडं हाच एक पुरावा असतो.

ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमाप्रमाणं संस्थेची नोंदणी, सहा अक्षरी हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव), टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) सगळं ब्लॉकचेनवर रजिस्टर आहे. गेल्या महिन्यात मेसेज पाठवणारी कंपनी बदलली, कंपनीचं टेम्प्लेटही नवीन, आणि तेव्हापासनं काही जणांना मेसेज येईनात. रोज तेच ते लोक. कंपनीवाला म्हणतो ब्लॉकचेनमध्ये अडकतंय, आमच्या हातात काही नाही. म्हाताऱ्या माणसाला मी हे कसं सांगू? ते काट्यावर येऊन विचारतात माझं दूध लिहिलंस का रे, लय वाईट वाटतं. नक्की कुठं बघायचं?

प्रतिसाद १
ब्लॉकचेनमध्ये मेसेज अडकून बसत नाही हो. तिथं कुणाचं हेडर, कुठलं टेम्प्लेट, कुठली कंपनी पाठवणार याची नोंद असते, आणि ती सगळ्या मोबाईल कंपन्यांना दिसते. तुमचा मेसेज निघाला की त्या नोंदीशी ताडून बघतात, जुळला नाही की टाकून देतात. मार्च २०२१ मध्ये हे कडक केलं तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा असेच गळाले होते, शेवटी ट्रायला सात दिवस थांबवावं लागलं.

संस्था ते मेसेज पाठवणारी नवी कंपनी ही साखळी नोंदीत जोडलेली नसती तर एकालाही मेसेज गेला नसता, म्हणजे ते कारण नाही. ज्यांना येतोय त्यांच्या फोनवर हेडरच्या शेवटी काय आहे बघा. पी असेल तर टेम्प्लेट जाहिरातीत नोंदवलंय, मग डीएनडीवाल्यांना (जाहिराती नकोत अशी नोंद केलेल्यांना) जाणार नाही. एस (सेवेचा मेसेज) असेल तर नावं तपासा, एका व्हेरिएबलला (टेम्प्लेटमधली दर मेसेजला बदलणारी जागा) अक्षरांची मर्यादा असते आणि मराठीत काना, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजतात.

धागाकर्ता
एस आहे! आणि न जाणारे अकराच्या अकरा लांब नावाचे निघाले, नाव वडलांचं नाव आडनाव असं सगळं एकाच व्हेरिएबलमध्ये घातलंय. जुन्या टेम्प्लेटमध्ये नुसता सभासद नंबर होता, तो सगळ्यांना पाठ आहे, तोच परत घालून टेम्प्लेट आत्ता मंजुरीला टाकलं. मंजुरी येईपर्यंत त्या अकरा जणांचं नुसतं पहिलं नाव पाठवलं तर चालू टेम्प्लेटमधनं जाईल ना? संध्याकाळचं दूध सहाला सुरू होतंय.