चॅटबॉटच्या मदतीने ग्राहक तक्रार: काय जमतं, काय तपासावं लागतं

बंद पडलेला फ्रिज, नाकारलेला विम्याचा दावा, परत न मिळालेली क्लासची फी. अशा तक्रारींची नोटीस हल्ली बरेच जण चॅटबॉटकडून लिहून घेतात. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या ग्राहक आयोगाचं काम जवळून माहीत असलेल्यांनी इथे नेमकं लिहावं: चॅटबॉटला काय द्यायचं, काय तपासायचं, कागद कुठे अडतो. (प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याचं ठिकाण आहे.)

दादर
आधी नोटीस मागू नका, तारखांचा तक्ता मागा. बिलाची तारीख, दोष पहिल्यांदा दिसला तो दिवस, प्रत्येक तक्रारीचा क्रमांक, तंत्रज्ञाच्या भेटी, जॉबशीटवरचा (तंत्रज्ञाने दिलेल्या कामाच्या कागदावरचा) शेरा जसाच्या तसा. हे काम चॅटबॉट फार छान करतो. ‘या कागदांत कोणती तारीख जुळत नाही?’ असंही विचारा. सामनेवाल्यांचा, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचा, वकील नेमकं तेच शोधणार असतो.

मसुदा आल्यावर क्रियापदं तपासा. जॉबशीटवर ‘गॅस भरला’ एवढंच असेल आणि मसुद्यात ‘कॉम्प्रेसर सदोष असल्याचे सिद्ध झाले’ असं उतरलं, तर ते वाक्य काढा. सिद्ध काहीच झालेलं नाही. ‘तीन वेळा गॅस भरूनही थंडावा टिकला नाही’ एवढं लिहिलं की पुरतं, आणि ते कागदावर दाखवता येतं.

मुलुंड
कायदा कोणता लावलाय ते आधी बघा. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा गेला; २०१९ चा २० जुलै २०२० पासून लागू आहे. या कायद्यात जिल्हा आयोगाकडे किती रकमेपर्यंतची तक्रार जाते याची मर्यादा मुळात १ कोटी होती, डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाख झाली. चॅटबॉट अजूनही कधी २० लाख सांगतो, कधी १ कोटी. शिवाय ही मर्यादा दिलेल्या मोबदल्यावर (वस्तू किंवा सेवेसाठी भरलेल्या पैशांवर) मोजतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षं, कलम ६९. कंपनीला नोटीस पाठवली म्हणून ती नव्याने सुरू होत नाही. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत हवा, कारणासकट. हे चॅटबॉट आपणहून क्वचितच सांगतो, म्हणून विचाराच.

परळ
निवाड्यांबाबत कडक राहा. चॅटबॉट पक्षकारांची नावं, वर्ष, परिच्छेद क्रमांक सगळं बेमालूम रचतो. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, त्यात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतला होता. आयोगाच्या किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर निवाडा उघडून वाचता आला नाही, तर तो गाळा. साध्या तक्रारीला निवाडे लागतही नाहीत.

खरे निवाडेही शिळे होतात. वकिलाच्या सेवेविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, असं २००७ च्या राष्ट्रीय आयोगाच्या निर्णयावरून चॅटबॉट सांगेल. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये तो निर्णय फिरवला आहे.

वांद्रे पूर्व
‘मुंबई जिल्हा ग्राहक आयोग’ असं मोघम लिहू नका. शहर आणि उपनगर वेगळे आहेत. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथेही तक्रार करता येते. चॅटबॉट मात्र पुष्कळदा कंपनीच्या मुख्यालयाचं गाव धरून बसतो. त्याला तुमचा पत्ता पिनकोडसह द्या, बाकी खासगी तपशील नको. आधार, खातं, पॉलिसी क्रमांक यांच्या जागी क्ष टाका आणि छापताना भरा.

बोरिवली
आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तो क्रमांक मसुद्यात घाला. आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल करायला आता ई-जागृती हे पोर्टल आहे. चॅटबॉट जुन्या ई-दाखिलच्या पायऱ्या सांगत असेल तर सोडून द्या. व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्रही जोडा. चॅटबॉट सवयीने ६५ब लिहितो, ते जुन्या पुरावा कायद्यातलं. संवाद असलेला फोन मात्र विकू नका, मूळ मेसेज त्यातच हवेत.