मंडळीतली एक ताई यायची बंद झाली आहे, चूक माझ्याकडून झाली – मदत हवी आहे

नमस्कार.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आठवड्यातून एकदा भरणारा प्रार्थनागट मी चालवते. बारा-तेरा जण असतो. गाणी, बायबलमधलं वचन आणि मग एकमेकांसाठी प्रार्थना.

गटात एक ताई आहे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिला नैराश्याचा आजार आहे आणि बऱ्याच वर्षांपासून गोळ्या चालू आहेत, हे तिनं मला एकदा उपासनेनंतर खुर्च्या रचताना सांगितलं. अगदी सहज, एक खुर्ची दुसरीत अडकवता अडकवता. मला काय बोलावं ते सुचेना. "मी प्रार्थना करीन" म्हटलं. आणि पुढच्या बैठकीत केली. मोठ्यानं, सगळ्यांसमोर, नाव घेऊन.

मला खरंच वाटत होतं की मी तिच्यासाठी काहीतरी करतेय. डोळे उघडले तेव्हा ती गीतांच्या पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडत होती, सरळ करत होती, पुन्हा दुमडत होती. ते मी पाहिलं आणि तरी मला कळलं नाही.

त्यानंतर गटातल्या दोघांनी तिला गाठलं. एकानं विचारलं, "गोळीवर विश्वास आहे की प्रभूवर?" दुसऱ्या बाईंनी उपास सुचवला आणि आपल्या नात्यातल्या कुणाचं तरी औषध कसं सुटलं त्याची साक्ष दिली, म्हणजे देवानं बरं केल्याचा अनुभव सांगितला. ताईनं गोळ्या बंद केल्या. पहिला आठवडा बरा गेला म्हणे. मग झोप गेली, मग जेवण, मग ती उठेनाशीच झाली. शेवटी घरच्यांनी डॉक्टरांकडे नेलं. आता औषध परत सुरू आहे, पण गेले तीन महिने ती आलेली नाही.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. मागे एका काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डबे पोचवायच्या पाळ्या मीच लावल्या होत्या. ताई दीड महिना अंथरुणावर होती. तिच्याकडे एकही डबा गेला नाही. का नाही गेला, हे कुणी विचारलंही नाही.

तिला भेटायला जावं का? गेले तर काय बोलावं? गट यापुढे कसा चालवावा, म्हणजे असं पुन्हा कुणाचं होणार नाही? ज्यांनी हे सोसलंय किंवा जे यात काम करतात त्यांनी कृपया लिहा. कडक शब्दांत लिहिलंत तरी चालेल.

मागचा_बाक:

मी तुमच्या ताईच्या जागेवर बसलेला माणूस आहे. मला बायपोलर डिसऑर्डर (मन कधी टोकाचं उत्साही, कधी टोकाचं उदास होण्याचा आजार) आहे, निदान होऊन अकरा वर्षं झाली.

भेटायला जा. पण "काही लागलं तर सांग" म्हणू नका. त्या अवस्थेत काय लागतंय ते आठवणं आणि ते मागणं, दोन्ही डोंगराएवढं असतं. "मंगळवारी सहाला येते, नको असेल तर 'नको' एवढंच लिही", असं सांगितलं की समोरच्याला फारसं काही करावं लागत नाही. माझ्या वाईट काळात मंडळीतला एक भाऊ दर गुरुवारी यायचा. बोलणं जवळजवळ नाहीच. सिंकमधली भांडी घासायचा, पडून राहिलेली बिलं भरायचा, गोळ्यांची पट्टी संपत आलीय का बघायचा आणि जायचा. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते. तिथवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. बिघडलं ते तोंड उघडून कारणं शोधायला लागल्यावर.

आणखी एक. काही रविवारी मला आनंदाची गाणी म्हणता येत नाहीत, म्हणून मी दाराजवळ बसतो. एकदा आमच्या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) बायबलमधलं ८८ वं स्तोत्र वाचलं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी भरवशाकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच थांबतं. पाळकांनी पुढे काही जोडलं नाही, मिनिटभर शांत उभे राहिले. त्या दिवशी मी पुढच्या बाकावर असतो तरी चाललं असतं, असं वाटलं.

निळी_ओंजळ:

मी समुपदेशनाचं काम करते आणि मंडळीतच वाढले आहे.

आधी गोळ्यांबद्दल. नैराश्याची औषधं लागू पडायला काही आठवडे जातात आणि सोडतानाही ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायची असतात. एकदम थांबवली तर काहींना लगेच चक्कर, अस्वस्थता, झोपमोड सुरू होते. काहींना मात्र सुरुवातीला बरंच वाटतं, कारण दुष्परिणाम ओसरतात आणि मूळ आजार उलटायला वेळ लागतो. तेवढ्या अवधीत "औषध सोडलं आणि बरी झाले" अशी साक्ष दिली जाते. देणारा खोटं बोलत नसतो. पण दोन महिन्यांनी त्याचं काय झालं ते मंडळीला कुणी सांगत नाही. म्हणून गटात एक नियम स्पष्ट करा: कुणाच्याही औषधाबद्दल सल्ला द्यायचा नाही. साक्षीतूनसुद्धा नाही.

दुसरं, बोलताना ती "आता नको वाटतं सगळं" असं काही म्हणाली, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर तिला एकटं सोडू नका. घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच कळवा, हाताशी असलेली घातक वस्तू दूर ठेवा, वेळ पडली तर तातडीच्या विभागात न्या. "कुणाला सांगणार नाही" असं वचन आधीच देऊन बसू नका. जगात दर वर्षी ७ लाखांहून अधिक माणसं आत्महत्येनं जातात, त्यांत श्रद्धाळू माणसंही असतात.

पाळकांनाही ओळखता यायला हवी अशी एक गोष्ट सांगते. काही जण त्याच त्या पापाची कबुली पुन्हा पुन्हा देतात, क्षमा झाली हे पटतच नाही, प्रार्थनेतला एक शब्द चुकला तर पहिल्यापासून सुरू करतात. बाहेरून ती मोठी भक्ती वाटते. बरेचदा तो ओसीडी असतो, म्हणजे नको ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार. दर वेळी धीर दिला की तो आणखी घट्ट होतो. तिथे मानसोपचाराची गरज असते.

आणि तुम्ही स्वतःला डॉक्टर समजू नका. येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेलं, खर्चाचे पैसे दिले आणि परत येईन म्हणून सांगितलं. पुढची शुश्रूषा उतारशाळेच्या रखवालदारावर सोपवली.

दीपस्तंभ_७:

सगळं पटलं, पण प्रार्थनेचीच धास्ती बसू देऊ नका. मी माझ्या सर्वांत वाईट रात्री प्रार्थनेवर काढल्या आहेत. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्यानं मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलावावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं आहे. बोलावतो कोण? आजारी माणूस. तुमच्या बाबतीत हेच उलटं झालं.

जुना_पाळक:

तीस वर्षं पाळक होतो. तुमच्यासारख्या चुका मीही केल्या, म्हणून लिहितो.

प्रार्थनेची विनंती चिठ्ठीवर लिहून द्यायची सोपी पद्धत पाडा. खाली दोन चौकोन ठेवा: "गटात सांगा" आणि "फक्त तुम्ही प्रार्थना करा". खूण नसेल तर वाचायची नाही. काळजी घेणाऱ्यांची एक लहान तुकडी नेमा आणि डब्यांच्या पाळ्यांत मनाचे आजार गुडघ्याच्याच रांगेत धरा. एखाद्या रविवारी व्यासपीठावरून मध्यस्थीच्या प्रार्थनेत कर्करोग, मधुमेह यांच्यासोबत नैराश्य, स्किझोफ्रेनिया, व्यसन हे शब्द घ्या. कुणाचंही नाव न घेता. माझ्या मंडळीत त्यानंतरच्या आठवड्यात चार घरांतून फोन आले. त्यातल्या एका घरात मी पंधरा वर्षं जात होतो आणि मला मुलाच्या आजाराचा पत्ता नव्हता.

हे काम मंडळ्यांना नवं नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात १७९० मध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथातली एक बाई दगावली. त्यानंतर विल्यम ट्यूक आणि त्याच्या सोबत्यांनी १७९६ मध्ये 'रिट्रीट' नावाचं घर उघडलं. साखळदंडांऐवजी तिथे बाग, काम आणि माणसासारखी वागणूक होती. चॅड वारा या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) धर्मगुरूनं १९५३ मध्ये लंडनमधल्या आपल्या चर्चमधून जीव द्यायला निघालेल्यांसाठी फोनसेवा सुरू केली, तीच पुढे 'समॅरिटन्स' ही संस्था झाली. त्याला भेटायला आलेली माणसं बाहेर थांबलेली असताना साधे स्वयंसेवक त्यांना चहा द्यायचे, त्यांचं ऐकून घ्यायचे. तेवढ्यानंच कितीतरी जणांचं मन हलकं व्हायचं आणि आत जायची गरजच उरायची नाही. वारानं ते पाहिलं आणि ऐकायचं काम त्या स्वयंसेवकांच्याच हाती दिलं.

तुमच्या पाळकांनाही एकदा विचारा, ते कसे आहेत. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूतानं त्याला भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. पाळकांना हे कुणी देत नाही.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस परत परत वाचतेय.

त्या दोघांशी बोलले. एकांना वाईट वाटलं, त्यांनी मान्य केलं. दुसऱ्या बाई रागावल्या, माझा विश्वास ढळलाय म्हणाल्या. त्यांच्याशी पाळक बोलणार आहेत. चिठ्ठीवरचे चौकोन मात्र या आठवड्यापासूनच.

ताईला काल संध्याकाळी मेसेज टाकला: "मंगळवारी सहाला येते. नुसती बसेन. नको असेल तर 'नको' एवढंच लिही." रात्रभर काही आलं नाही. आज सकाळी उत्तर आलं: "ये. प्रार्थना मोठ्यानं नको."

मागचा_बाक, तुम्हाला एकच विचारायचं आहे. गेल्या गेल्या माफी मागू का, की तो विषय ती काढेपर्यंत थांबू?

मागचा_बाक:

दारातच मागा. एका वाक्यात. मी तुझं सगळ्यांपुढे सांगायला नको होतं, एवढंच. आणि तिनं "असू दे" म्हणावं म्हणून थांबू नका, आत जाऊन बसा.