लॉकडाऊनमध्ये दारूची दुकानं एका रात्रीत बंद केली, ते बरोबर होतं का?

हिंगणारोडवाला
परवा नागपुरातल्या आमच्या कॉलनीच्या बैठकीत एक काका म्हणाले, "लॉकडाऊननं दाखवून दिलं, दारू नाही मिळाली तर कोणी मरत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून इथे मांडतो.

24 मार्च 2020 ला रात्री आठला घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून सगळं बंद. दारूची दुकानं उघडायची मुभा केंद्रानं दिली ती 4 मेपासून. मधले चाळीस दिवस रोज पिणाऱ्या माणसाचं काय झालं? वर्षानुवर्षं ज्याचं अंग दारूला सरावलंय, त्याची दारू अचानक तुटली की काही तासांतच हात कापायला लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भ्रम सुरू होतो, आणि त्यात जीवही जातो.

आमच्या मागच्या गल्लीत एमआयडीसीतला एक लेथ ऑपरेटर राहतो. तिसऱ्या रात्री तो खराट्यानं भिंतीवरच्या मुंग्या झाडत होता. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. बनियान घामानं चिंब, बायकोला ओळखेना. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं, शेजाऱ्यांना वाटलं कोरोना. पोलिसांच्या दंडुक्याच्या भीतीनं गाडी काढायला कोणी धजेना. आणि याला साधा उपचार आहे! दारूची जागा घेणाऱ्या गोळ्या, त्या हळूहळू कमी करत न्यायच्या, सोबत व्हिटॅमिन बी-वनचं इंजेक्शन.

एप्रिल 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांत, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला सात जण सॅनिटायझर पिऊन गेले. "कोणी मरत नाही" म्हणणाऱ्यांनी वणी विसरू नये. दुकान बंद करायचं होतं तर उपचार आधी दारात पोचवायला हवा होता.

मानेवाड्याची वर्षा
भाऊ, तुमच्या लेथवाल्याबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण त्याच्या बायकोला कोणी विचारलं का, ते चाळीस दिवस कसे गेले?

माझ्या सख्ख्या बहिणीचं सांगते. तिच्या नवऱ्याला पहिले चार-पाच दिवस त्रास झाला. चिडचिड, उलट्या, झोप नाही. मग शांत झाला. पोरांसोबत कॅरम खेळायला बसला. लग्नानंतर पहिल्यांदा महिन्याच्या शेवटी तिच्या डब्यात पैसे उरले, आणि ते कधी, तर त्याला अर्धाच पगार मिळाला तेव्हा. मेमध्ये दुकानांपुढे रांगा लागल्या आणि तिचं घर पुन्हा होतं तिथं. तिच्यासाठी लॉकडाऊन उठला हेच संकट झालं.

गडचिरोली आणि चंद्रपुरात दारूबंदी उगाच नाही आली. बायांनी रस्त्यावर उतरून मागितली. चंद्रपूरची 2015 ची बंदी 2021 मध्ये उठवली, तीही महामारीत, घराघरात पैशाची ओढाताण असताना! तुम्ही पिणाऱ्याच्या अंगाचं सांगता, मी स्वयंपाकघराचं सांगते.

सदरची सिस्टर
मानसोपचार विभागात नोकरी केली आहे, म्हणून बोलते.

वर्षाताई, तुमचे भाऊजी चार-पाच दिवसांत सावरले हे त्यांचं नशीब. बहुतेक पिणारे सावरतातच. केंद्र सरकारच्या 2019 च्या सर्वेक्षणात देशात 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यातले 2.9 कोटी तिच्यावर पुरते अवलंबून आहेत, असं आलं. धोका या दुसऱ्या गटाला. कोण कुठल्या गटात हे घरच्यांना बाहेरून कळत नाही. रोज सकाळी उठल्याउठल्या घोट लागतो का, आधी कधी न मिळाल्यावर फिट आली होती का, एवढं विचारलं तरी अंदाज येतो. उत्तर 'हो' असेल तर दारू घरी एकदम तोडू नका. मी हे हात जोडून सांगते.

आता हिंगणा रोडच्या दादांना. केरळनं त्या वेळी डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचं ठरवलं होतं. एप्रिल 2020 मध्येच उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. डॉक्टरांचाच विरोध होता आणि तो योग्य होता. चिठ्ठीवर द्यायचं ते औषध, बाटली नव्हे. पण औषध द्यायला आम्ही होतो कुठे? आम्हाला कोविड वॉर्डाची ड्यूटी लागली, ओपीडी नावापुरती. काटोल, उमरेडकडचे पेशंट एसटी बंद म्हणून गावातच अडकले. नियमित गोळ्या घेणारे, सहा-सहा महिने न पिता काढलेले लोक गोळ्या संपल्या म्हणून घसरले. त्यांचा हिशेब कुठेच लागत नाही.

कळमना
तुम्ही सगळे गोळी नाहीतर बंदी यावरच अडून बसले जी. मी बाजारात हमालांसोबत रोज असतो. तिथं प्रश्न हाताला काम नसल्याचा होता.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणीचे आकडे बघा. देशात आत्महत्या 2019 ला 1,39,123, 2020 ला 1,53,052, 2021 ला 1,64,033. त्यातले रोजंदारीवाले 2020 मध्ये 37,666 आणि पुढच्या वर्षी 42,004. दुसऱ्या वर्षी दुकानं बहुतेक काळ उघडी होती, तरी आकडा चढलाच. म्हणजे दुकान उघडं की बंद, यावर हे ठरत नाही. खोलीचं भाडं थकलं, सावकाराचे फोन सुरू झाले, मग माणूस रात्री झोप यावी म्हणून पितो. समुपदेशन केल्यानं भाडं भरलं जातं का? दुकानं बंद होती तेव्हा मोहाची मिळत होती, खर्राही (तंबाखू-सुपारीचा) मिळत होता, फक्त तिप्पट भावानं. घरातला उरलासुरला पैसा त्यात गेला, हे वर्षाताईंनीही ध्यानात घ्यावं.

नंदनवन
कळमनावाल्या भाऊंना उत्तर. आमच्याकडे पैशाची अडचण नव्हती. लहान भावाला पक्की नोकरी आहे. तो त्याआधी लग्नकार्यात ग्लासाला हात लावायचा नाही.

एप्रिल 2021 मध्ये बाबा गेले. चार दवाखाने फिरल्यावर पाचव्या ठिकाणी बेड मिळाला होता. वॉर्डात जाऊ देत नव्हते, म्हणून भाऊ रोज संध्याकाळी गेटवर वॉर्डबॉयच्या हातात डबा द्यायचा. शेवटच्या दिवशी डबा तसाच परत आला. घाटावर लांबून, दोराच्या अलीकडून दर्शन. अस्थी दुसऱ्या दिवशी. ना दहावं नीट झालं, ना कोणी भेटायला आलं, कारण आई आणि मीही पॉझिटिव्ह. भाऊ तेव्हापासून पितो. "मी आधी नेलं असतं तर" हे एकच वाक्य, इतकी वर्षं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये सांगितलं की महामारीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य 25 टक्क्यांनी वाढलं. त्या 25 टक्क्यांत पगारदारही आहेत. मानसोपचार डॉक्टरकडे नेल्यावर कळलं की भावाचा मूळ आजार नैराश्य आहे, दारू त्यावर चढलेली. समुपदेशनानं भाडं भरत नाही हे कबूल, पण माझ्या भावाचं भाडं कधी थकलंच नव्हतं.

हिंगणारोडवाला
@वर्षाताई, तुमच्या बहिणीचा डबा भरला याचा मला आनंदच आहे. पण तो चाळीस दिवसच का टिकला? कारण बंदी उठली तेव्हा भाऊजींजवळ उपचार काहीच नव्हता, नुसता निग्रह होता. त्याच दिवसांत राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती हिंसेच्या तक्रारी वाढल्या होत्या, हेही बघा. दुकान बंद म्हणजे घर शांत, असं सगळीकडे झालं नाही.

आता टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही. 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झालं. 2020 मध्ये हवं होतं. पुढच्या साथीत पहिल्या दिवशीच हा नंबर रेशन दुकानावर लागला पाहिजे.

मानेवाड्याची वर्षा
नंबर चांगला आहे, बहिणीला पाठवला. पण भाऊ, फोनवर बोलून झाल्यावर माणसाला कुठंतरी जावं लागतं ना? सरकारी ओपीडी सकाळची. रोजंदारीवाला सकाळी ठिय्यावर उभा असतो, ओपीडीत गेला की दिवसाची मजुरी बुडाली. कळमनावाल्या भाऊंचा पैशाचा मुद्दा आणि सिस्टरचा औषधाचा मुद्दा इथं येऊन एकच होतो.

संध्याकाळची ओपीडी वस्तीतच सुरू करा, असं निवेदन तुम्ही लिहा, मी सही करते, गल्लीतल्या पन्नास बायांच्या आणून देते. मात्र आमच्या कोपऱ्यावरचं दुकान हटवायला बायांचं मतदान मागायचं चाललंय. बाटली आडवी करायच्या त्या अर्जाला पाठिंब्याचं पत्र तुमच्या कॉलनीनंही द्यायचं. देता का, ते सांगा.