गिटारवरून बासरी आणि सारंगीची मींड : कोणता मिडी कंट्रोलर घ्यावा आणि त्याची जुळणी कशी करावी?

प्रश्न : मध्यमपंचम (सांगली)

नमस्कार. मी गेली अठरा वर्षे भावगीतांच्या कार्यक्रमांत गिटारची साथ करतो. आमच्या वाद्यवृंदातील बासरीवादकांना आता प्रत्येक कार्यक्रमाला येणे जमत नाही, म्हणून गाण्यांमधील बासरीचे आणि सारंगीचे तुकडे मी गिटारवरूनच मिडीच्या (वाजवलेल्या स्वरांची माहिती एका यंत्राकडून दुसऱ्याला देणाऱ्या संकेतपद्धतीच्या) साहाय्याने वाजवावेत असे ठरले आहे. कीबोर्ड मला येत नाही. शिवाय कीबोर्डवरचे पिच व्हील (सूर चढवण्या-उतरवण्याचे चाक) फिरवून काढलेली मींड माझ्या कानाला पटत नाही. तार ओढून सूर चढवण्याची जी सवय बोटांना लागली आहे, तीच मला वापरायची आहे.

एका परिचितांकडून ब्रिजजवळ बसवायचा, सहाही तारांचा आवाज वेगवेगळा उचलणारा पिकअप आणि त्याचा मिडी कन्व्हर्टर मी दोन आठवड्यांसाठी आणला आहे. तीन अडचणी आल्या. जाड तारांवर छेड दिल्यानंतर आवाज उशिरा येतो. मध्यमावरून पंचमापर्यंत तार ओढली तरी आवाज मध्यमाच्या आसपासच रेंगाळतो. आणि बासरीचा आवाज सुरात असूनही बासरी वाजते आहे असे वाटत नाही. असाच संच विकत घ्यावा, केवळ सॉफ्टवेअरवर काम भागवावे की तारा नसलेले एखादे वाद्य पाहावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : सहातारी

आपली दुसरी अडचण मी आधी घेतो, कारण तिच्यात यंत्राचा काहीही दोष नाही आणि ती दहा मिनिटांत सुटेल. मिडीच्या पिच बेंड संदेशात स्वर नसतो, फक्त प्रमाण असते. एकूण १६,३८४ पायऱ्या, मध्यबिंदू ८,१९२. तो किती सरकला एवढेच संदेश सांगतो. पूर्ण सरकणे म्हणजे किती अर्धस्वर, हे कन्व्हर्टरवर वेगळे आणि आवाज देणाऱ्या सिंथवर (सिंथेसायझरवर) वेगळे ठरलेले असते. बहुतेक सिंथ मुळात २ अर्धस्वरांवर असतात. गिटारचे कन्व्हर्टर मात्र अनेकदा १२ किंवा २४ वर असतात. आपला कन्व्हर्टर १२ वर आणि सिंथ २ वर असेल, तर आपण मध्यमापासून पंचमापर्यंत, म्हणजे २ अर्धस्वर तार ओढल्यावर सिंथ जेमतेम एक तृतीयांश अर्धस्वर चढेल. आपण जे वर्णन केले आहे ते नेमके हेच आहे. दोन्ही ठिकाणी १२ ठेवा. तारेवरून बोट सरकवत लांबची घसीट घेणार असाल तर दोन्हीकडे २४ ठेवा. २४ वरसुद्धा एका अर्धस्वराला ३४१ पायऱ्या मिळतात, त्यामुळे आंदोलित गंधारातही पायऱ्या ऐकू येत नाहीत. आकडा लहान ठेवला, तर सरकणारा सूर त्या मर्यादेला टेकताच कन्व्हर्टर नवा स्वर छेडतो आणि मींड मधोमध तुटते.

याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. कन्व्हर्टरवर क्रोमॅटिक नावाची सोय असते. ती चालू असेल तर प्रत्येक स्वर जवळच्या पडद्यावर नेऊन बसवला जातो. हार्मोनियम किंवा पियानोच्या आवाजाला ती चालू असलेलीच बरी, कारण त्या वाद्यांत मींड नसतेच. बासरी आणि सारंगीला मात्र ती बंद हवी. दुसरे म्हणजे प्रत्येक तारेला स्वतंत्र चॅनेल (मिडी संदेशांचा वेगळा मार्ग) हवे, ज्याला मोनो मोड म्हणतात. सगळ्या तारा एकाच चॅनेलवर असतील तर एक तार ओढल्यावर त्या वेळी वाजणारे सगळेच स्वर चढतात. एमपीई (मिडी पॉलिफोनिक एक्स्प्रेशन) हे याच कल्पनेचे पुढचे रूप असून २०१८ साली त्याला मिडी मानकात स्थान मिळाले. मात्र एमपीईत प्रत्येक स्वराच्या चॅनेलवर बेंडची मर्यादा मुळात ४८ अर्धस्वर धरलेली असते. म्हणून सॉफ्टवेअर एमपीईवर टाकले आणि कन्व्हर्टर १२ वरच राहिला, तर सूर चौपट उडी मारेल.

आता जाड तारांच्या उशिराविषयी. येथे अडथळा भौतिकशास्त्राचा आहे. सहावी तार ८२.४ हर्ट्झला कंप पावते, म्हणजे तिचे एकच आवर्तन १२ मिलिसेकंदांचे असते. स्वर ओळखायला साधारण एक-दोन आवर्तने तरी ऐकावी लागतात. पहिल्या तारेचे आवर्तन ३ मिलिसेकंदांचे असल्यामुळे ती चटकन ओळखली जाते. महाग यंत्र घेतल्याने हा फरक नाहीसा होत नाही. उपाय साधा आहे : बासरीचे तुकडे पहिल्या तीन तारांवर वाजवावेत आणि सारंगीचे खर्जातील काम एक सप्तक वर वाजवून सिंथमध्ये ते १२ अर्धस्वर खाली उतरवावे. १९८० च्या दशकातील सिंथॅक्स या वाद्यात छेडायच्या तारा वेगळ्या आणि पडद्यांवरची बोटे ओळखणाऱ्या तारा वेगळ्या होत्या, त्यामुळे तेथे आवर्तन मोजत बसण्याची गरजच नव्हती. गिटारवादक अ‍ॅलन होल्ड्सवर्थ यांनी ते वाद्य वर्षानुवर्षे वाजवले. आज ते मिळणे दुर्मिळ आहे.

पिकअप बसवताना घाई करू नका. रोलंडच्या जीके-३ सारख्या पिकअपसाठी प्रत्येक तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची आणि तार व पिकअप यांच्यात १ मिलिमीटर अंतर ठेवायचे. मी जाड पुठ्ठ्याचे तुकडे थरावर थर चिकटवून बरोबर १ मिलिमीटरची पट्टी केली आहे आणि तार बदलली की तीच सरकवून पाहतो. मग सहाही तारांची संवेदनशीलता एकेक करून लावायची : तार आपल्या सर्वांत जोरकस आघाताने छेडावी, तेव्हा मीटर शेवटच्या खुणेला जेमतेम टेकला पाहिजे. हे सहाही तारांवर समान झाले नाही, तर शेजारच्या तारेच्या धक्क्याने न वाजवलेले स्वर उमटतात. हा पिकअप चुंबकीय असल्यामुळे पोलादी ताराच लागतात. नायलॉनच्या तारांना पिझो सॅडल (तारेचा कंप थेट टेकणीतून उचलणारा पिकअप) असलेले गिटार हवे. गंजलेल्या तारांवर तर सगळीच मेहनत वाया जाते.

उत्तर २ : खर्जाची_तार

सहातारी यांनी पिकअपबद्दल जे लिहिले आहे ते सर्व मान्य आहे. तरीही आपल्या कामासाठी खर्च करण्यापूर्वी सॉफ्टवेअर पाहावे असे मला वाटते. जॅम ओरिजिन यांचे मिडी गिटार हे सॉफ्टवेअर आपल्या नेहमीच्या पिकअपचा आवाज ऑडिओ इंटरफेसमधून (गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीतून) घेते आणि एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर ओळखून त्यांचे मिडी करते. वेगळा पिकअप नाही, तेरा पिनांची जाड केबल नाही, आणि चाचणी आवृत्तीवर आधी ऐकूनही पाहता येते. मी दोन वर्षे हेच वापरतो आहे.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. लॅपटॉपचा बफर (आवाजाचे जेवढे नमुने एका वेळी साठवून पुढे पाठवले जातात तो साठा) १२८ नमुन्यांवर ठेवावा लागतो, ४४.१ किलोहर्ट्झला तो सुमारे २.९ मिलिसेकंदांचा होतो आणि आत येताना व बाहेर जाताना असा दोनदा मोजावा लागतो. ५१२ वर ठेवलात तर तबल्याबरोबर वाजवताना आपण सतत मागे पडता. गिटारचा आवाज कोरडा हवा. डिस्टॉर्शन किंवा रिव्हर्ब लावलेला आवाज आत दिला तर स्वरओळख गोंधळते. आवाजासाठी सर्ज एक्सटी हा विनामूल्य सिंथ घ्यावा. तो एमपीई समजतो आणि त्यात स्वरांतराची फाइल भरून आपल्या पसंतीचे सूरही लावता येतात.

उत्तर ३ : बोटांचे_टोक (मडगाव)

तारा नसलेल्या वाद्याचा उल्लेख आपण केला आहे, म्हणून लिहितो. रॉजर लिन यांचे लिनस्ट्रुमेंट २०१४ मध्ये आले. मोठ्या आकारात त्याला २०० चौकोन आहेत, ओळी गिटारच्या तारांप्रमाणे चौथ्या स्वराच्या अंतराने लावता येतात, आणि प्रत्येक बोटाचा दाब, आडवे सरकणे व उभे सरकणे ही तिन्ही वेगवेगळी कळतात. आडवे बोट सरकवून घेतलेली मींड फारच गोड लागते. परंतु आपल्या अठरा वर्षांच्या बोटांना तार ओढण्याची सवय आहे, आणि तेथे ओढायला तारच नाही. कार्यक्रम पुढच्या महिन्यात असतील तर हा मार्ग आत्ता घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आपल्या तिसऱ्या अडचणीचे उत्तर मात्र मला याच वाद्यावर सापडले. गिटारची तार छेडल्यानंतर विरतच जाते. बासरीचा सूर फुंकेबरोबर मध्येच फुगतो, पातळ होतो, पुन्हा भरतो. मिडीमध्ये छेडीचा जोर फक्त सुरुवातीला कळतो. पुढे सुराचे काय करायचे हे सिंथला कोणीतरी सांगावे लागते. लिनस्ट्रुमेंटवर ते बोटाचा दाब सांगतो. गिटारवर एक एक्स्प्रेशन पेडल घ्या, ते कंट्रोलर क्रमांक ११ वर (सुराचा जोर कमी-जास्त करणाऱ्या मिडी संदेशावर) लावा, आणि सूर छेडताना टाच थोडी मागे ठेवून पाऊल हळूहळू पुढे दाबा. पेडल विकत घेताना त्याच्या प्लगची जोडणी आपल्या यंत्राशी जुळते का ते विचारून घ्या. काही पेडल उलट जोडणीची असतात आणि मग ती नीट चालत नाहीत. आणखी एक गोष्ट : ज्या बासरीच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांत कंप आधीच भरलेला आहे ते टाळा, कारण तो कंप आणि आपल्या बोटांचा कंप एकमेकांशी भांडतात.

मध्यमपंचम (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री कन्व्हर्टर पाहिला. तो खरोखरच १२ वर होता आणि सिंथ २ वर. दोन्ही १२ केल्यावर पहिल्याच प्रयत्नात पंचम जागेवर आला, आणि घरातल्यांनी आतून विचारले की बासरीवाले परत आले का. जाड तारांवरचे तुकडे मी वरच्या तारांवर बसवतो आहे. एक शंका उरली आहे. बासरी एका वेळी एकच सूर वाजवते, तर तिच्यासाठी सहा चॅनेल ठेवावेत की एकच?

उत्तर ४ : सहातारी

ऐकून आनंद झाला. एकच चॅनेल चालेल, पण एका अटीवर. एका तारेवर मींड घेऊन लगेच दुसऱ्या तारेवर गेलात, तर पहिली तार सोडताना जो बेंड खाली येतो तो नव्या सुरालाही ओढतो आणि सुराची सुरुवात वरून घसरत आल्यासारखी ऐकू येते. म्हणून एकच चॅनेल ठेवल्यास पूर्ण तुकडा शक्यतो एकाच तारेवर वाजवावा आणि तार बदलण्यापूर्वी आधीची तार उजव्या तळव्याच्या कडेने दाबून गप्प करावी. आपल्या सिंथमध्ये सहा चॅनेल घेऊनही एका वेळी एकच सूर ठेवण्याची सोय असेल, तर तीच निवडावी. सारंगीचा आवाज वेगळ्या पॅचवर (सिंथमधील आवाजाच्या जतन केलेल्या मांडणीवर) जतन करा आणि तेथे बेंड २४ ठेवा. त्या वाद्याची घसीट लांब असते.