करंगळी झोपते तेव्हा : माउंटन बाइकच्या हँडलवर हातांना आणखी जागा (अनुभव धागा)

दहा तासांची राइड संपवून घरी आलो, आंघोळ केली, शर्ट चढवला आणि बटणं लागेनात. दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि त्यांच्या शेजारची बोटं परक्याची असल्यासारखी. दाराची किल्ली फिरवायला चिमटीत जोर येईना, शेवटी मुठीत धरून फिरवली. तीन दिवस हेच. पाय ठणठणीत, कंबरेची तक्रार नाही. सगळा मार हातांनी खाल्ला.

गाडी साधी हार्डटेल, म्हणजे शॉकर फक्त पुढे, मागे नाही, हँडल सरळ आणि रुंद. माझ्या राइड आता डोंगरातल्या कमी आणि लांब पल्ल्याच्या जास्त झाल्यात, डांबरी आणि कच्चा रस्ता मिळून. रोडबाइकवाले दोस्त कधी हूडवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी बुडावर), कधी खाली ड्रॉपमध्ये (हँडलच्या खाली वळलेल्या भागात), कधी वरच्या आडव्या दांडीवर असे हात फिरवत राहतात. मी सकाळी जिथं मूठ आवळतो तिथूनच ती संध्याकाळी सोडवतो.

तर ज्यांनी ज्यांनी हँडलवर काही ना काही जोडलंय त्यांनी लिहा. काय लावलंत, किती टिकलं, काय वैतागून काढून टाकलंत. फसलेले प्रयोग आधी. ‘नवी सायकल घे’ हा सल्ला कृपया देऊ नये, आमच्या घरात हा धागा वाचला जातो.

*

बार एन्ड, म्हणजे हँडलच्या दोन्ही टोकांना बसणारी पुढे आलेली शिंगं. विषय संपला. (नाही, संपत नाही, लिहितो.)

नव्वदच्या दशकात शिंगं नसलेली माउंटन बाइक म्हणजे अर्धवट वाटायची. मग रुंद आणि उंच हँडलं आली आणि शिंगं एकदम जुनाट ठरली. मी काढलीच नाहीत. उभं राहून चढ चढताना दोन्ही हातांनी शिंगं ओढली की जो जोर लागतो तो आडव्या ग्रिपवर लागत नाही. त्याहून मोठा फायदा म्हणजे तळहात समोरासमोर येतात, शेकहँड करतो तसे. मनगट तेवढ्यानंच सुटतं.

लावताना लोक दोन चुका करतात. एक, शिंगं आभाळाकडे. असं केलं की मनगट मागे दुमडतं आणि होतं त्याहून वाईट होतं. जमिनीला समांतरपासून पंधरा-वीस अंश वर, बस. दुसरी, ग्रिपच्या रबरावरच कसून टाकणे. रबर दबतं आणि ऐन चढावर शिंग गर्रकन खाली फिरतं. ग्रिप आणि ब्रेकचे लिव्हर दोनेक सेंटिमीटर आत सरकवून उघड्या धातूवरच बसवा.

तोटा सांगतो. अरुंद पायवाटेवर उजवं शिंग एका झुडपाच्या वेलीत अडकलं, हँडल जागच्या जागी वळलं, मी पुढे. आणि शिंगावर हात असताना ब्रेक हाताशी नसतो. कुत्रं आडवं आलं की हे आठवतं.

*

वरच्यांना जोडून : हँडल कार्बनचं असेल तर आधी कंपनीचा कागद वाचा. बार एन्ड चालतात की नाही ते त्यात असतं. मी वाचला नव्हता. अंदाजानं ॲलन की फिरवत गेलो आणि ‘कट्’ असा आवाज आला. बारीकसाच. रंगावर केसाएवढी रेघ दिसत होती, ती ओली करून बोट फिरवलं, नखाला लागली. हँडल गेलं. कार्बनची नळी टोकाला पोकळ असते, तिथं आतून आधार देणारा प्लग लागतो आणि किती आवळलं ते मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, लागतो. बहुतेक बार एन्डवर ५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. मी त्याला नक्षी समजत होतो.

*

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सायकलही चालवते. धागाकर्त्यांनी किल्लीचं लिहिलंय तिथं थांबले.

करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू ज्या नसेवर चालते ती अल्नर नस. तळहाताच्या टाचेत, करंगळीच्या अंगाला, मनगटाशी एक वाटाण्याएवढं हाड हाताला लागतं. त्याच्या लगतच्या बोळातून ही नस जाते. ग्रिपची कड नेमकी तिथं रुतते. आता गंमत अशी की अंगठा तर्जनीकडे दाबणारा स्नायूही हीच नस चालवते. म्हणून किल्ली, बटण, कागद चिमटीत धरणं यात जोर जातो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर ती मीडियन नस, तिथं मनगट मागे दुमडून राहिल्याचा संबंध जास्त.

हाताची जागा बदलायची ती नसेवरचा दाब हलावा म्हणून. त्यामुळे नुसता मऊ ग्रिप पुरत नाही, जाड जेलचे हातमोजे तर कधीकधी दाब नको तिथंच ढकलतात. नुसत्या मुंग्या असतील आणि एक-दोन दिवसांत जात असतील तर सायकल सुधारा. जोर कमी झाला असेल, किंवा अंगठा-तर्जनीमधलं मांस बसल्यासारखं दिसत असेल, तर आधी डॉक्टर, मग सायकलचं दुकान.

*

ताईंना अनुमोदन. माझे पंखवाले ग्रिप आहेत, म्हणजे मागच्या बाजूला तळहाताला टेकायला चपटा भाग असतो ते. पहिले दोन महिने शिव्या घातल्या. पंख खाली झुकले होते आणि हात घसरून मनगट लोंबकळायचं. मग सायकलवर बसून, कोपर किंचित वाकवून, पंख तळहाताला भरून लागेपर्यंत एकेक मिलिमीटर फिरवला. एवढ्यानं ऐंशी टक्के काम झालं. त्याच ग्रिपला टोकाशी बोटभर लांबीचं शिंग येतं तो प्रकार घेतलाय. माझे हात लहान आहेत, मोठी शिंगं मला नकोतच.

पण खरा चोर वेगळाच निघाला. सीटचं नाक खाली झुकलेलं होतं. अख्खं शरीर पुढे घसरतंय आणि मी दिवसभर हातांनी त्याला मागे ढकलतेय. सीट सपाट केली आणि मग कळलं की निम्मे पैसे उगाच घातले.

*

फुलपाखरू हँडल (बटरफ्लाय, ट्रेकिंग बार). आठ-साडेआठ हजार किलोमीटर झाले. हात ठेवायला मोजून चार जागा : जवळची बाजू, बाहेरची वळणं, समोरची दांडी, आणि कोपऱ्यात तिरकी. याचं सुख असं की नळीची जाडी २२.२ मिमी, म्हणजे माउंटन बाइकचे ब्रेक लिव्हर, गिअर शिफ्टर जसेच्या तसे सरकतात. नवीन काही घ्यावं लागत नाही.

असं मला वाटलं होतं. मग कळलं की मधला भाग २५.४ चा आणि माझा स्टेम (हँडल धरणारा तुकडा) ३१.८ चा. मध्ये घालायचा पत्रा आणला. मग ब्रेक असतात ती बाजू इतकी अंगाजवळ आली की मी खुर्चीत बसून चहाचा ट्रे धरल्यासारखा दिसायला लागलो. लांब स्टेम घेतला. मग केबल तोकड्या पडल्या. त्याही बदलल्या. खडबडीत उतारावर हँडल थोडं लवतं, आणि वेगात नेमकेपणा राहत नाही. डोंगरात उड्या मारणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. मला आता उड्या मारायच्या नाहीत, त्यामुळे आमचं जमलंय. टेप मात्र दुहेरी गुंडाळा, समोरच्या दांडीवर विशेषतः.

*

ड्रॉप बार (रोडबाइकचं खाली वळलेलं हँडल) लावून हात पोळलेल्यांपैकी एक हजर.

१९९० च्या मोसमात जॉन टोमॅक ड्रॉप बारवाली माउंटन बाइक शर्यतीत पळवत होता, त्याचे फोटो बघून खाज सुटली. टोमॅक टोमॅक होता, हे नंतर लक्षात आलं.

पहिलं, ड्रॉप बारची नळी २३.८ मिमी. माउंटन बाइकचे लिव्हर चढतच नाहीत. म्हणजे रोडचे लिव्हर घ्या. ते घेतले तर ते केबल कमी ओढतात आणि माझे व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे लांब हातांचे ब्रेक) जास्त ओढ मागतात. लिव्हर दांडीला टेकला तरी चाक फिरतंच आहे. मध्ये केबलची ओढ वाढवणारी चकती बसवली, तर ब्रेक स्पंजासारखा. गिअरची जुळवाजुळव ही आणखी वेगळी रडकथा. शेवटी सगळं बसलं तेव्हा हूड इतके लांब गेले की मी सायकलवर पालथा. माउंटन बाइकची फ्रेम सरळ हँडल धरूनच लांब बनवलेली असते, वर हे हँडल पुढे जातं. हात ठेवायला पाच जागा मिळाल्या आणि त्यातल्या तीन माझ्या हाताला पोचतच नव्हत्या.

विकलं.

*

काहीच लावलेलं नाही. कोपर वाकवा, मूठ सैल सोडा, दर पंधरा मिनिटांनी एक हात काढून झटका, टायरमधली हवा थोडी कमी करा. फुकटात होतं.

*

^ हे खरं आहे, पण सहा तासांपर्यंत. पुढे शिस्त राहत नाही, माणूस हँडलला लोंबतो.

मी आतली शिंगं वापरतो, म्हणजे ग्रिपच्या बाहेर नाही, आत. जुने बार एन्ड करवतीनं कापून सात-आठ सेंटिमीटरचे केले, कानशीनं कडा मारल्या, टोकाला बुच. बसवताना अख्खं हँडल रिकामं करावं लागलं, कारण त्यांची कडी अखंड असते, टोकाकडूनच ओवावी लागते. ग्रिप काढा, शिफ्टर काढा, ब्रेक काढा, कडी सरकवा, पुन्हा सगळं चढवा. बिजागरीवाले तयार मिळतात त्यात हा ताप नाही. हँडल मध्याकडे जाड होत जातं, तेव्हा २२.२ चा सरळ भाग किती आहे ते आधी मोजा. माझ्याकडे लिव्हरच्या आत जेमतेम तीन सेंटिमीटर होता.

हात आत आले की खांदे अरुंद होतात, समोरच्या वाऱ्यात फरक लगेच कळतो. अंगठा आणि पहिली दोन बोटं शिंगाभोवती, बाकीची दोन लिव्हरच्या बुडाशी. ब्रेक पूर्ण नाही, पण चाहूल देण्यापुरता लागतो. सपाट रस्त्यावर मी निम्मा वेळ इथंच असतो.

*

कोपर टेकायचे एरो बार कुणीच कसे सांगितले नाहीत? मी वेगासाठी लावलेच नाहीत, उंच पॅड घेऊन निवांत पडून राहतो. तळहातावर शून्य भार. मात्र मोकळा, सरळ, रिकामा रस्ता हवा. घोळक्यात आणि खड्ड्यात नाही, कारण ब्रेक पार लांब.

*

धागाकर्ता परत आलोय, दीड महिन्यानं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी हात बघितले, काही आठवडे लांब राइड बंद ठेवायला सांगितल्या, ठेवल्या. सीटवर स्पिरिट लेव्हल ठेवून पाहिली. नाक खाली. चांगलंच खाली. सीटवाल्या ताई, तुम्हाला कोपरापासून नमस्कार. ती सपाट केली, पंखवाले ग्रिप टाकले आणि वरच्या साहेबांच्या पाककृतीनं आतली शिंगं कापून बसवली. पहिल्यांदा डावं शिंग शिफ्टरच्या बटणावर आलं, गिअर पडेना, पुन्हा सगळं उतरवलं.

परवा नऊ तास चालवली. शेवटच्या तासात उजव्या करंगळीला मुंग्या आल्या, हात आत नेला, दहा मिनिटांत गेल्या. घरी येऊन बटणं लागली.

आता एकच प्रश्न. ग्रिप, ब्रेक, शिफ्टर, शिंग, दिवा एवढं झाल्यावर हँडलवर घंटीला जागा उरलेली नाही. तुम्ही लोक ती कुठं लावता?