एम६ए खुणा आणि कर्करोग: मेटल-३ जनुकाला काय म्हणावे?

गणेशखिंड
मी पुण्यात जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करत असून प्रबंधासाठी आरएनएवरील एम६ए ही मिथाइल खूण (आरएनएला जोडलेला छोटा रासायनिक गट) घेतली आहे. ही खूण उमटवणारे मेटल-३ (METTL3) हे विकर तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात वाढलेले असते आणि पेशींना परिपक्व होऊ देत नाही, असे २०१७च्या शोधनिबंधांत वाचले. उलट, गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात याच खुणा घटल्याने पेशी वाढतात, असे २०१८च्या अभ्यासात दिसते. मग मेटल-३ला कर्करोगकारक म्हणावे की कर्करोगरोधक?

प्रयोगवही
दोन्हीपैकी एक बिरूद निवडण्याचा आग्रह आपण सोडावा, असे मला मनापासून वाटते. खूण कोणत्या संदेशवाहक आरएनएवर आहे आणि ती कोणते प्रथिन वाचते, यावर सारे अवलंबून असते: वायटीएचडीएफ२ने वाचली तर तो आरएनए लवकर नष्ट होतो, आयजीएफ२बीपी कुळातील प्रथिनांनी वाचली तर तो अधिक टिकतो. ल्युकेमियाच्या पेशींत या खुणांमुळे पेशींची वाढ आणि तग धरणे यांना मदत करणारी एमवायसी आणि बीसीएल२ ही प्रथिने अधिक बनतात. गर्भाशयाच्या अस्तरात मात्र खुणा घटल्या की एकेटी या वाढीच्या मार्गाला आवर घालणारे पीएचएलपीपी२ कमी होते, त्याच मार्गाला चालना देणारे एमटॉरसी२ वाढते, आणि पेशी मोकाट विभागू लागतात. तिथे मेटल-३चे जोडीदार प्रथिन मेटल-१४ याच्या जनुकातील उत्परिवर्तनही आढळले आहे, हे विसरू नये.

पाषाण रस्ता
यात एफटीओ या विकराची भर घालावी. ते एम६ए पुसते हे २०११मध्ये कळले, आणि ही खूण उलटवता येते हे त्यातूनच सिद्ध झाले. गंमत नव्हे, खरा पेच असा की ल्युकेमियाच्या काही प्रकारांत खूण उमटवणारे मेटल-३ आणि पुसणारे एफटीओ दोघेही रोगाला बळ देतात, कारण दोघांची लक्ष्ये वेगळी आहेत. म्हणून केवळ सार्वजनिक माहितीसाठ्यातील अभिव्यक्तीचे (जनुक किती सक्रिय आहे याचे) आकडे आणि रुग्णांचे जगण्याचे आलेख जोडून जनुकाची भूमिका ठरवू नका. मेटल-३ काढून टाकल्यावर त्याचे मूळ रूप आणि उत्प्रेरणक्षमता (खूण उमटवण्याची क्षमता) नष्ट केलेले रूप वेगवेगळे परत घालून पाहिले, तरच परिणाम मिथाइलेशनमुळे आहे की प्रथिनाच्या अन्य कामामुळे, हे उलगडते. पेशीमालिकांसाठी (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींसाठी) पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहाकडे मार्गदर्शकांमार्फत विचारणा करावी.

गणेशखिंड
आपल्या दोघांचे आभार. शीर्षकातील ‘कर्करोगकारक’ हा शब्द काढून तिथे पेशीप्रकाराचा उल्लेख करतो, आणि प्रयोगांच्या आराखड्यात दोन्ही रूपे घालतो.