अनुभव धागा: जपानमधला शेजार

जपानमध्ये राहणाऱ्यांनी, राहून आलेल्यांनी लिहा. चेरीची फुलं आणि बुलेट ट्रेन पुष्कळ वाचून झाली. जिन्यात, कचऱ्यापाशी, देवळात लोकांशी कसं जमलं ते सांगा.

निशी-कासाई, टोकियो
किल्लीबरोबर हातात पडला तो कचऱ्याचा तक्ता. जळणारा, न जळणारा, डबे-बाटल्या. प्रत्येकाचा वार वेगळा. पिशव्या सकाळीच ठेवायच्या, वर कावळ्यांसाठी जाळी ओढायची. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी चिठ्ठी चिकटवून तिथेच सोडतात, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी! जाळी गुंडाळायची पाळी आमच्याकडे आली, तेव्हा कुठे शेजारच्या आजी थांबून बोलल्या. तोवर नुसतं 'ओहायो गोझाइमास', म्हणजे सुप्रभात.

नागोया
इथल्या शांततेचं सगळीकडे कौतुक होतं, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. त्रास झाला तरी शेजारी दार वाजवत नाही, इमारत सांभाळणाऱ्यांना कळवतो. मग सगळ्यांच्या पेटीत कागद: 'काही रहिवाशांना आवाजाचा त्रास होत आहे.' नाव कुणाचंच नाही, पण कुकर एकट्या आमच्याकडे! त्यापेक्षा आपल्याकडचं गॅलरीतलं भांडण परवडलं, संध्याकाळपर्यंत मिटतं तरी.

फुकुओका
नागोयाकर, राहायला गेल्या गेल्या वर-खाली-शेजारी टॉवेल नाहीतर बिस्किटांचा डबा देऊन आलात का? इथली जुनी रीत आहे, हल्ली सगळे पाळत नाहीत. आम्ही खालच्या काकूंना आधीच सांगून ठेवलं, पोरगी लहान आहे, धावणार. आता घर शांत असलं की त्याच विचारतात, बरी आहे ना?

कोबे
कितानोच्या चढावर एकदा फिरा. १९३५ साली उघडलेली मशीद, जपानमधली पहिली. तिला भारतीय व्यापाऱ्यांनीही पैसे दिले होते. १९४५ चे बाँब आणि १९९५ चा भूकंप, दोन्हींतून ती वाचली. थोडं चालून गेलं की १९८५ चं जैन मंदिर, मोत्यांच्या धंद्यात इथे स्थिरावलेल्या गुजराती मंडळींचं. सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि चर्चही त्याच भागात. बंदराचं गाव, व्यापारासाठी सगळे आले आणि राहिले. मला यात सहिष्णुतेपेक्षा पोटापाण्याचा भाग मोठा वाटतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

असाकुसा, टोकियो
देवळांचं निघालंच आहे तर मात्सुचियामा शोदेन बघा. बौद्ध मंदिर, पण देव कांगितेन, म्हणजे आपले गणपती. मूर्ती दर्शनाला उघडी नसते. नैवेद्याला पांढरा मुळा! ७ जानेवारीच्या उत्सवात शिजवलेला मुळा भाविकांना वाटतात. एरवी गेलात तरी वाहायचा मुळा देवळातच विकत मिळतो.